‘एक विषारी झाड’

अन्याय झाला तो बाणकोटच्या दाऊद सुतारावर. केव्हा, तेही सांगतो, कारण ‘एकदा’, ‘कधीतरी’, ‘काही वर्षांपूर्वी’ हे शब्द नेहमी गुन्हेगाराच्या सोयीचे असतात. कुवेतमध्ये आपला रुपया बंद होऊन दिनार सुरू झाला, त्याच्या पुढच्याच हिवाळ्यात, रमजानचा चाँद दिसायला बारा दिवस उरले असताना, बुधवारी दुपारी, मेसमध्ये भात वाढून झाला होता आणि कालवण यायचं होतं तेव्हा. अन्याय करणारा कोण, हेही मला ठाऊक आहे. पत्रकात आम्ही नाव झाकत नाही. तो मी.

आज सकाळी ती थंडी पुन्हा आली. कुवेत म्हटलं की तुम्हाला वाटतं बारा महिने भट्टी. इथली जानेवारीतली सकाळ एकदा अंगावर घ्या. उत्तरेचा वारा वाळवंटावरून सरळ येतो, मध्ये त्याला अडवायला एक टेकडी नाही. शुवैख बंदरातल्या लाकडाच्या वखारीत मी टॅली क्लार्क आहे, म्हणजे बोटीतून उतरलेला माल मोजून लिहून घेणारा. धुकं होतं. फळ्यांचे गठ्ठे रात्रीच्या दवानं भिजले होते आणि त्यांना तोच वास येत होता: किंचित आंबूस, ताक ठेवलेल्या गाडग्यासारखा. फळीच्या टोकावर निळ्या रंगात तोच ठसा, हेमलॉक. नवीन आलेला एक क्लार्क, सालमियात राहणारा, ठशावर बोट ठेवून मला विचारतो, “शफीभाई, हे विषारी असतं ना? आमच्या गावी एक पत्रक आलं होतं, त्यात लिहिलं होतं.”

त्याला काय सांगू? पत्रक मीच लिहिलं होतं.

मी पत्रकांत वाढलो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत चिपळूणला खळीचा डबा माझ्या हातात असायचा. भिंतीवर कागद चिकटवता चिकटवता मी तो लिहायलाही लागलो. पहिल्या ओळीत घाव, दुसऱ्या ओळीत पुरावा, शेवटच्या ओळीत मागणी. त्यात लाकडाच्या वासाला जागा नसते, म्हणून आज हा लेख. एकोणिसाव्या वर्षी कुवेतला आलो तेव्हा पेटीत दोन सदरे, आईनं दिलेली सुकटीची पुरचुंडी आणि शाळेत वक्तृत्वात मिळालेला इंग्रजी-मराठी कोश होता. कॅम्पातल्या लोकांनी आठ दिवसांत माझं नाव ठेवलं, पत्रक्या. मला त्याचा अभिमान वाटायचा. खरं सांगतो, अजून वाटतो.

आमचा कॅम्प मिर्काबच्या मागच्या बाजूला. कंपनीचं नाव संपादक छापणार नाहीत, म्हणून लिहीत नाही. इमारती बांधणारी कंपनी होती एवढं पुरे. पत्र्याच्या खोल्या, मधे मेस, मेसच्या मागे पाण्याची सिमेंटची टाकी. टँकर यायचा, टाकी भरायचा, जायचा. रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यातली आम्ही माणसं बरीच होतो, आणि सगळ्यांचं एकच दुखणं होतं, तांदळाची भाकरी. भात मिळायचा, जुबैदी मिळायची, म्हणजे आपलं पापलेट, आपल्याकडच्यापेक्षा ताजं. पण भाकरी नाही. आमचा भटारी हुसेनमामू श्रीवर्धनकडचा. तो म्हणायचा, “ॲल्युमिनियमच्या परातीत तांदळाचं पीठ मळू? ते काय माझ्या हाताला ओळख देतंय? काठवट आणा, मग बोला.”

काठवट, ती पीठ मळायची कोरीव लाकडी परात, आणली दाऊदचाचांनी. आणली म्हणजे केली.

दाऊदचाचा कंपनीत सेंटरिंगचे सुतार. काँक्रीट ओतायचं त्याच्या आधी फळ्यांचा साचा ठोकायचा, काँक्रीट सुकलं की साचा मोडायचा. केलेलं काम आपल्याच हातानं मोडायचा हा धंदा. चाचांनी गावी मालवाहू होड्या, म्हणजे पडाव, बांधले होते, पाळणे केले होते, आणि खाडीच्या दोन्ही काठांवर त्यांच्याच काठवटी चालत, असा त्यांचा हात होता. अक्षर एक येत नव्हतं. जाड तुळईचा एक उरलेला तुकडा त्यांनी वखारीतून मागून घेतला आणि पाच शुक्रवार, सुट्टीचे पाच शुक्रवार, खोलीबाहेर उन्हात बसून वाकसानं, म्हणजे आडव्या पात्याच्या तासणीनं, कोरला. मी बाजूला बसून पेपर वाचायचो. वाकसाचा आवाज अजून कानात आहे, एका लयीत, मध्येच थांबणारा. थांबला की समजायचं, चाचा बोट फिरवून बघताहेत. पांढुरकं लाकूड, आत गुलाबी झाक. एक ढलपी उचलून त्यांनी जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले.

“चाचा, लाकूड खाताय?”

“चव बघतो. भांड्याच्या लाकडाला चव नसावी. सागाची काठवट केलीस तर भाकरीत साग उतरतो. ह्याला काय चव नाय. गप्प लाकूड हाय. चांगला हाय.”

काठवट झाली त्या दिवशी हुसेनमामूनं तिच्यात पीठ मळलं. पहिली भाकरी तव्यावरून उतरली तेव्हा आम्ही सगळे हात पुढे करून उभे. चाचांनी सगळ्यांचे हात मागे सारले. बाणकोटच्या त्यांच्या घराण्याचा रिवाज आहे: खाण्यापिण्याचं भांडं केलं की त्यातला पहिला घास करणाऱ्यानं खायचा. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, बिस्मिल्ला म्हटलं, सावकाश चावला, थोडा वेळ थांबले, आणि मग म्हणाले, “हां. आता खावा.”

त्या भाकरीची वाफ मी आजही सांगू शकतो. पण हा लेख वाफेचा नाही.

तीन आठवड्यांनी माणसं आजारी पडायला लागली. पोट. एकामागून एक. संडासाबाहेर रांग, कामावर गैरहजेरी, फोरमनची शिवीगाळ. ज्यांनी भाकरी खाल्ली ते पडले. ज्यांनी खाल्ली नाही तेही पडले, पण हे तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही, कारण मला पुरावा सापडला होता. वखारीतल्या तुळईवरचा ठसा. मी कोश उघडला. हेमलॉक: एक विषारी झाड. बास. तीन शब्द. शिवाय शाळेत शिकलेलं आठवलं, ग्रीसमधल्या कुणा म्हाताऱ्या विचारवंताला ह्याचाच प्याला पाजून मारलं होतं. माझ्या अंगावर काटा आला आणि, लपवत नाही, आनंदही झाला. असं पत्रक हाती येणं म्हणजे काय, हे लिहिणाऱ्यालाच कळतं. पाच कार्बन घालून जोर देऊन मी ते लिहिलं, पुन्हा पाच, पुन्हा पाच. ‘भावांनो, कंपनी विषारी झाडाचं लाकूड आणते आणि त्या विषात तुमचं पीठ मळलं जातं!’

घाव कंपनीवर होता. मला कंपनीला धरायचं होतं. दाऊदचाचांचं नाव मी एकदाच लिहिलं, तेही कंसात. पण वाचणाऱ्यांनी कंसच वाचला.

बुधवारी दुपारी मी बाकावर उभा राहून ते मोठ्यानं वाचलं, कारण निम्म्या लोकांना वाचता येत नव्हतं. माझा आवाज चांगला आहे. वाचून झालं तेव्हा कुणी कंपनीकडे धावलं नाही. सगळ्या माना चाचांकडे वळल्या. भाताचा घास त्यांच्या हातात तसाच होता.

“चाचा, आमाला विष घातलास?” कुणीतरी म्हणालं.

“मीही तेच खाल्लं रे,” चाचा म्हणाले, एवढंच.

त्यांच्या ओळखीच्या, त्यांच्याच गावच्या माणसांनी काठवट उचलली, बाहेर नेली, रॉकेल ओतलं. हुसेनमामू मध्ये पडला, त्याला ढकललं. काठवट पेटली आणि एकजण ओरडला, “धुरात पण विष असंल!” सगळे नाकावर पंचे धरून वाऱ्याच्या उलट्या बाजूला पळाले. मीही पळालो. चाचा उठले, हात धुतले, चालत आले आणि नेमके धुराच्या बाजूला जाऊन उकिडवे बसले. धूर तोंडावर घेत त्यांनी दोन्ही तळवे जाळासमोर धरले.

“थंडी हाय,” ते म्हणाले. “जळतंय तर शेकून घेऊ.”

तो माणूस मी त्या दिवशी पाहिला आणि मला लाज वाटली नाही. लाज वाटायला मला आणखी तीन दिवस लागले. ही माझी खरी लाज.

फोरमनला हे सोयीचंच पडलं. कंपनीनं काही केलंच नाही. परवानगीशिवाय लाकूड वापरून सुतारानं भांडं केलं, माणसं आजारी पडली, लेखी तक्रार आहे, हे बघा माझं पत्रक. चाचांची हत्यारांची पेटी स्टोअरमध्ये बंद झाली. इकामा रद्द, म्हणजे इथं राहायचा परवाना गेला. सोमवारच्या आगबोटीनं मुंबई. माझ्याच अक्षरातला कागद त्यांच्या फाइलीला टाचलेला मी पाहिला. पत्रकं दुसऱ्याच्या कामाला कशी येतात, याचा धडा कुणाला हवा असेल तर त्यानं माझ्याकडे यावं.

शनिवारी लाकडाची बोट लागली. कंपनीच्या लाकडाची मोजणी तेव्हाही माझ्याकडेच होती. मोजणीचा कागद घेऊन मी वर चढलो. बोटीवर एक म्हातारा अधिकारी होता, लाल कानांचा, लोकरी टोपी घातलेला. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे लाकूड विषारी, तर तुम्ही लोक ते आणता कसं? तो आधी समजला नाही. समजला तेव्हा खोकला येईपर्यंत हसला. मग माझ्या हातातला कागद ओढून त्याच्या पाठीवर त्यानं दोन चित्रं काढली. एकात उंच, निमुळतं, देवदारासारखं झाड आणि त्याच्या बुंध्याशी मुंगीएवढा माणूस. दुसऱ्यात तसाच माणूस, आणि त्याच्या कमरेएवढं रोप, वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या, कोथिंबीर फुलावर आली की दिसते ना, अगदी तशा. दोन्ही चित्रांखाली त्यानं एकच नाव लिहिलं.

“सेम नेम?” मी विचारलं.

“सेम नेम,” तो म्हणाला आणि दुसऱ्या चित्रावर फुली मारली. विष ह्यात. मग हवेत काहीतरी चुरगळून त्यानं बोटं नाकाशी नेली. त्या उंच झाडाची पानं चुरगळली की वास त्या विषारी रोपासारखा येतो, म्हणून कुणीतरी त्याला तेच नाव दिलं. एवढाच त्याचा गुन्हा. वासावरून नाव पडलं आणि नावावरून मी निकाल दिला.

मी जिना उतरलो. डोक्यात एकच शब्द फिरत होता, झाड. कोश लिहिणारा खोटं बोलला नव्हता. आपण तुळशीलाही झाड म्हणतो, मिरचीलाही झाड म्हणतो आणि माडालाही झाडच म्हणतो. आपल्याला गुडघ्याएवढं असो नाहीतर आभाळाएवढं, मातीतून वर आलं की ते झाड. मला आपल्या भाषेची ही माया आवडते, ती लहान-मोठं बघत नाही. पण तिनं कोथिंबिरीच्या जातीतल्या एका रोपाला झाड म्हटलं, आणि मी त्या झाडाच्या तुळया पाडल्या. असं लाकूड जगात कुठंच नव्हतं. ते फक्त मराठीत होतं, आणि माझ्या पत्रकात.

चाचांची खोली उघडीच होती. ते ट्रंकेत कपडे लावत होते. मी चित्रांचा कागद पुढे केला आणि एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी चित्रं नीट पाहिली. देवदारासारख्या झाडावर बोट फिरवलं, लाकडावर फिरवतात तसं.

“एवडा मोटा असतां काय? मग तुळई येनारच,” ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, “शफ्या, मी काठवट केली, पैला घास मी खाल्ला. तू कागद केलास. तुज्या कागदाचा पैला घास तू खाल्लास काय?”

मी कागद परत घेऊन त्याची घडी घातली.

“मला विचारला असतास. मी पाच शुक्रवार तुज्या बाजूलाच बसलेला होतो.”

“चाचा, मी दुसरं पत्रक काढतो. आजच. सगळ्यांना वाटतो.”

“वाटायचा नाय. वाचायचा. त्याच बाकावर, त्याच आवाजात. पैल्यांदा वाचलास तेव्हा आवाज कसा होता? तसाच पायजे. माफी मागताना बारीक आवाज काडू नको.”

“आणि माणसं आजारी कशानं पडली, ते? त्याचं काय लिहू?”

चाचा उठले, मला मेसच्या मागे घेऊन गेले आणि टाकीकडे बोट केलं. टाकीला झाकण नव्हतं. कबुतरं काठावर बसली होती, पाण्यावर पिसं तरंगत होती आणि आणखीही काही होतं, ते मी लिहीत नाही. रोज त्या टाकीवरून जात होतो मी. “पावसाच्या आधीपासना फोरमनकडे फळ्या मागतो, झाकन करतो म्हनून,” चाचा म्हणाले. “म्हनतो, फळ्या बिल्डिंगला हायत, कबुतरांना नाय.”

खरा गुन्हा माझ्या नाकासमोर उघडा पडला होता आणि मी कोश उघडून बसलो होतो!

रविवारी दुपारी मी बाकावर चढलो. ‘भावांनो, शफीनं खोटं लिहिलं.’ पहिल्या ओळीत घाव. दुसरीत पुरावा: चित्रांचा कागद हातोहात फिरला. त्यानंतर टाकी. आणि शेवटी मागणी: झाकण झाल्याशिवाय आणि दाऊदचाचांची पेटी परत मिळाल्याशिवाय आपण मेसमधून उठायचं नाही. माझा आवाज चढाच होता, फक्त शेवटी फाटला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ज्यानं काठवटीवर रॉकेल ओतलं होतं, तो उठून बाहेर गेला, टाकीत डोकावला आणि परत येऊन म्हणाला, “पत्रक्या, तुला आधी दिसला नाय काय हा?” मी म्हटलं, नाही दिसलं. तो म्हणाला, “आमाला पण नाय दिसला,” आणि चाचांच्या बाजूला जाऊन बसला. मग सगळेच बसून राहिले. दुपारची घंटा झाली, कोणी हललं नाही. मल्याळी होते, पंजाबी होते, त्यांना मराठी पत्रक कळलं नव्हतं, टाकी कळली होती. तेही बसले. फोरमन आला, ओरडला, मोठ्या साहेबाला घेऊन आला. साहेबानं टाकी पाहिली आणि रुमाल नाकाला लावला. फळ्या तासाभरात आल्या. त्याच. निळ्या ठशाच्या. पेटीही आली.

त्या दुपारी जे पाहिलं त्याचा मला गर्व आहे, आणि गर्व हा शब्द मी मोजून वापरतो आहे. ज्या लाकडाला आम्ही विष म्हणून जाळलं, त्याच लाकडाचं झाकण चाचांनी आमच्या पिण्याच्या पाण्यावर बसवलं. ठसा मुद्दाम वरच्या बाजूला ठेवला. “असू दे. वाचनारा वाचंल.” त्या आधी टाकी उपसली, घासली, टँकर बोलावून भरली. शेवटची फळी ठोकताना त्यांनी मला हाक मारली, “धर हितं,” आणि फळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. झाकण बसलं. हुसेनमामूनं पेला भरून आणला. चाचांनी एक घोट घेतला आणि पेला माझ्यापुढे केला. “तूही धरलंस. करनाऱ्याचा घोट.”

मी प्यायलो. थंडीत दात ठणकले. तेव्हापासून मी लिहिलेल्या प्रत्येक कागदाचा पहिला घास मी खातो. ज्याचं नाव त्यात आहे, त्याच्या दारात आधी जाऊन त्याला वाचून दाखवतो.

इकाम्याचा घोळ निस्तरायला साहेबाला एक सही लागली, चाचा सोमवारच्या बोटीनं गेले नाहीत. फोरमननं माफी मागितली नाही. चाचांनी दुसरी काठवट केली, मग तिसरी, मग अहमदीच्या कॅम्पातून लोक मागायला यायला लागले. गेल्या वर्षी गुडघे धरले म्हणून ते स्वतःच्या मर्जीनं गावी परतले. आम्ही त्यांना बंदरावर पोचवायला गेलो तेव्हा त्यांच्या सामानात एका पेटीऐवजी दोन पेट्या होत्या, दुसरी मी उचलली.

हे इथं संपलं असतं तर मी लिहिलं नसतं. पण माझं पहिलं पत्रक त्यांच्या आधी बाणकोटला पोचलं होतं. कुणाच्या तरी ट्रंकेतून, सदऱ्याच्या घडीतून. दुसरं पत्रक पोचलं नाही. चुकीचा कागद आपल्या लोकांनी जपून नेला, दुरुस्तीचा कागद मेसमध्ये ताटाखाली गेला. परवा चाचांचं पत्र आलं, शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं. ‘तब्येत बरी आहे. दारं-खिडक्या करायला लोक बोलावतात. काठवट कोणी मागत नाही. मागे विषाचा सुतार म्हणतात, पुढ्यात म्हणत नाहीत. तू वाईट वाटून घेऊ नको.’

मी वाईट वाटून घेणार नाही. मला संताप आला आहे, आणि संतापाचं काय करायचं ते मला शिकवलेलं आहे. ज्या माणसाच्या तळहाताला लाकूड बोलतं, ज्यानं आपल्या माणसांनी लावलेल्या जाळावर हात शेकले आणि त्याच माणसांना स्वच्छ पाणी पाजलं, त्याच्या नावाला माझ्या तीन शब्दांचा डाग लागून राहावा? सालमियातल्या त्या पोरालाही मी सकाळी हेच सांगितलं, त्याच गठ्ठ्यावर बसून, आणि फळीची एक ढलपी तोडून आधी माझ्या जिभेवर ठेवली, मग त्याच्या.

आता तुम्ही. घरात कोश असेल तर उठा, तो शब्द काढा. ‘झाड’ खोडा, ‘रोप’ लिहा, आणि खाली लिहा: याच नावाचा एक मोठा वृक्षही आहे, तो विषारी नाही. शाईनं लिहा. आणि बाणकोटच्या बाजूला जाणार असाल तर दाऊद सुताराचं घर विचारा. विषाचा सुतार कुठं राहतो असं विचारलंत तर कुणीही बोट दाखवील. तसं विचारू नका. काठवट करणारे दाऊदचाचा कुठं राहतात, असं विचारा. मोठ्यानं, धक्क्यावर, चार माणसं ऐकत असताना. आणि त्यांच्या दारात जाऊन काठवट मागा.